आधी नमुना, मग भाव

ऑक्टोबर लागला की लातूर-उदगीरच्या बाजारात एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, बारा. सोयाबीनमध्ये ओलावा 12 टक्क्यांच्या आत असेल तरच हमीभावाने खरेदी. 2024 च्या हंगामात हमीभाव 4892 रुपये होता, माल परतीच्या पावसात भिजलेला होता, आणि केंद्राने ही अट 15 टक्क्यांपर्यंत सैल केली ती 15 नोव्हेंबरला, दिवाळी उलटून दोन आठवडे झाल्यावर. ज्याला रब्बीचं बियाणं आणायचं होतं आणि उधारी मिटवायची होती, त्याने तोवर मिळेल त्या भावाला सोयाबीन घालून टाकलं होतं. मग फेब्रुवारीत तूर-हरभरा निघाला की दुसरं भांडण सुरू होतं, आयातीचं. दोन्ही भांडणांत कोणीतरी हमखास म्हणतो, परदेशात बघा, शेतकरी कसा राजासारखा राहतो. आणि परदेशात राहणारे आपण लोक एकतर माना डोलावतो, नाहीतर 'इकडे हमीभाव नाही, सरकारी खरेदी नाही, तरी चाललंय की' असा एक ठोसा देऊन मोकळे होतो. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत.

म्हणून एकच गाव घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं हॉर्शम. मेलबर्नहून ॲडलेडकडे जाणाऱ्या हायवेवर, मेलबर्नपासून साधारण 300 किलोमीटरवर, विमेरा नदीच्या काठी; आसपासच्या भागालाही विमेराच म्हणतात. लोकवस्ती वीस हजारांच्या आत, म्हणजे आपल्याकडे मोठ्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. निवडायचं कारण असं की इथली माती लातूरकराला ओळखीची वाटेल. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, पावसात पायाला चिकटणारी भारी चिकणमाती, फक्त रंग काळ्यापेक्षा राखाडीकडे झुकलेला. पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास आणि तोही हिवाळ्यात. मे-जूनला पेरणी, नोव्हेंबर-डिसेंबरला काढणी. पिकं गहू, बार्ली, कॅनोला (मोहरीच्या जातीचं तेलबी) आणि मसूर. तो मसूर भारतात आणि बांगलादेशात डाळ होऊन ताटात पडतो, म्हणजे आयातीच्या भांडणातला दुसरा पक्षकार हाच.

दोन्ही गावांना घडवलं ते रेल्वेने. हॉर्शमला रेल्वे पोचली 1879 मध्ये. लातूरला बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये, निजामाच्या राज्यात, आणि मग 1917 च्या सुमारास गंजगोलाई ही गोलाकार बाजारपेठ उभी राहिली. फरक रेल्वेच्या आधीचा आहे. लातूरच्या आजूबाजूला शेकडो वर्षं कसणारी गावं होती, बाजार त्यांच्यामधून उगवला. हॉर्शमच्या परिसरात वोत्जोबालुक आणि त्यांच्या शेजारच्या मूळनिवासी समाजांची भूमी होती. 1840 च्या दशकात मेंढपाळ गोऱ्यांनी ती बळकावून मोठमोठी कुरणं केली. त्या मूळ मालकांचा हक्क कोर्टाने मान्य केला तो 2005 मध्ये, तोही मर्यादित जमिनीवर. हे विसरून 'तिकडची शिस्त' वगैरे बोलणं बरं नाही.

कुरणांची शेती झाली 1869 च्या जमीन कायद्याने. कोणीही 320 एकरांपर्यंत तुकडा मागायचा. तीन वर्षांचा परवाना, एकरी वर्षाला 2 शिलिंग. अटी तीन, कुंपण घालायचं, दहा टक्के जमीन नांगरायची आणि तिथेच राहायचं. अटी पाळल्या की उरलेले पैसे भरून मालकी. दक्षिण ऑस्ट्रेलियातून पुष्कळ कुटुंबं इकडे आली, त्यात जर्मन लुथरन बरेच. प्रत्येक 320 एकरांवर एक घर, म्हणून दर दहा-पंधरा किलोमीटरवर एक शाळा, चर्च, दुकान, हॉल. नॅटिमक, मुर्टोआ, मिनिप, रुपन्यप ही गावं त्या गणितातून वाढली. 320 एकर आपल्याला जहागिरी वाटेल, पण 400 मिलिमीटर पावसावर एका पिढीतच ते कमी पडायला लागलं. शेजाऱ्याने शेजाऱ्याची जमीन घ्यायला सुरुवात केली ती अजून थांबलेली नाही. आज इथली शेती हजार-दोन हजार हेक्टरांची असते आणि ती एक कुटुंब, एखादा गडी आणि हंगामात भाड्याचं हार्वेस्टर एवढ्यावर चालते. महाराष्ट्रात सरासरी धारणा 1.34 हेक्टर आहे, 2015-16 च्या कृषी गणनेनुसार. या दोन आकड्यांमधलं अंतर लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

आता हमीभावाचं. ऑस्ट्रेलियात हमी कधीच नव्हती हे खरं नाही. लोकरीला होती. 1988 पासून स्वच्छ लोकरीच्या किलोला 870 सेंट, त्याखाली भाव गेला की लोकर महामंडळ स्वतः खरेदी करायचं, तेही शेतकऱ्यांच्याच वर्गणीवर उभारलेल्या निधीतून. मागणी पडली, चीन आणि रशियाची खरेदी आटली, तरी खरेदीला मर्यादा नव्हती. 1990 मध्ये भाव 700 सेंटवर आणला, फेब्रुवारी 1991 मध्ये योजनाच बंद झाली, तेव्हा गोदामात सुमारे 47 लाख गासड्या पडून होत्या. मेंढी विकून कत्तलखान्यापर्यंतचं भाडंही सुटेना, म्हणून लाखो मेंढ्या गोळ्या घालून खड्ड्यात पुरल्या. विमेरातल्या शेतकऱ्याने मसुराकडे आणि वाटाण्याकडे वळण्यामागे हा धक्काही आहे.

गव्हाचीही तीच कथा, वेगळ्या वळणाची. निर्यात एकाच गहू मंडळामार्फत, दुसऱ्या कोणाला परवानगी नाही. हे मंडळ पुढे खासगी कंपनी झालं, तरी मक्तेदारी राहिली. मग सद्दामच्या इराकला दिलेल्या लाचेची भानगड बाहेर आली, कोल चौकशी आयोग बसला आणि 2008 मध्ये मक्तेदारी गेली. त्यावेळी इथे झालेला वाद 2020 च्या आपल्या कृषी कायद्यांच्या वादाची आठवण करून देतो. लहान शेतकरी म्हणत होता, मंडळ गेलं की व्यापारी लुटतील. मोठा म्हणत होता, माझा माल मला हवा तिथे विकू द्या. मक्तेदारी गेल्यावर खरेदीदार वाढले आणि गव्हाचा बाजार काही कोसळला नाही. पण रेल्वेकाठची गोदामं आणि गीलाँग-पोर्टलंडची बंदरं मोजक्या कंपन्यांच्याच हातात राहिली, आणि शेतकऱ्याच्या लक्षात आलं की विकण्याचं स्वातंत्र्य मिळूनही माल ठेवायला जागा नसेल तर ते कागदावरच राहतं. त्यानंतर शेतावर पोलादी सायलो, म्हणजे धान्य साठवायच्या उंच टाक्या, उभारण्याची लाट आली. आपल्याकडे 2020-21 मध्ये सगळी चर्चा 'बाजार समिती हवी की नको' यावर अडकली. माल काढणीच्या दुसऱ्या दिवशी विकावा का लागतो, हा प्रश्न मागेच पडला.

त्याचं उत्तर हॉर्शमच्या धान्य केंद्राच्या फाटकाशी उभं राहिलं की दिसतं. चाळीस टनांचा ट्रक आत येतो. तो पहिल्यांदा थांबतो तो नमुन्याच्या मचाणापाशी, वजनकाट्यावर नव्हे. ड्रायव्हर शेतकऱ्याचा नोंदणी क्रमांक आणि मालाचा प्रकार सांगतो, ताडपत्री गुंडाळतो. मचाणावरचा पोरगा, बहुतेकदा कॉलेजच्या सुट्टीत आलेला, हवेच्या दाबाने धान्य ओढणारी लांब नळी ट्रकमध्ये खुपसतो. एका ठिकाणी भागत नाही; मध्ये, कडेला, पुढे, मागे, आणि प्रत्येक वेळी तळापर्यंत. वरवरचं धान्य घेतलं तर तळाशी दडवलेला कचरा सुटतो, आणि शेतकऱ्याचाही तोटा होतो, कारण खडबडीत रस्त्यावर हलकी काडी आणि भूस वर येऊन बसतात.

गव्हाचा नमुना असेल तर तो प्रकाशकिरणांवर चालणाऱ्या यंत्रात जातो आणि मिनिटाच्या आत ओलावा आणि प्रथिनं पडद्यावर येतात. ओलावा 12.5 टक्क्यांच्या वर गेला की माल परत, 12.6 ला सुद्धा. प्रथिनं 13 टक्के असतील तर वरची प्रत, 11.5 ला त्याखालची, 10.5 ला त्याही खालची. मग अर्धा लिटर गहू 2 मिलिमीटर फटींच्या चाळणीत घालून चाळीस झटके. खाली पडलेलं वजन 5 टक्क्यांवर गेलं तर प्रत उतरते. ठरलेल्या मापात भरून वजन केलं की दाण्याचा भरीवपणा कळतो, शंभर लिटरला 76 किलो हवेत. काढणीवर पाऊस झालेला असेल तर पीठ पाण्यात कालवून त्याचा घट्टपणा किती सेकंद टिकतो ते बघतात, 300 सेकंद हवेत. कोंब फुटायला लागलेल्या गव्हाचं पीठ लगेच सैल पडतं, डोळ्यांना मात्र तो गहू चांगलाच दिसतो.

मसुराला ओलाव्याची मर्यादा 14 टक्के. तिथे यंत्रापेक्षा डोळा महत्त्वाचा. पावसाने टरफल काळवंडलं का, दाणा फुटला का, मागच्या वर्षीच्या बार्लीचे दाणे मिसळलेत का, ढेकळं आली का. मसुराच्या शेंगा जमिनीला टेकलेल्या असतात, म्हणून पेरणीनंतर जड रोलर फिरवून ढेकळं दाबून टाकतात. ते केलं नाही की हार्वेस्टर माती गोळा करतं आणि हिशेब या मचाणावर चुकता होतो. जिवंत कीड एक जरी दिसली तरी ट्रक मागे. बियाण्याला लावायच्या औषधाचा गुलाबी दाणा दिसला तरी मागे, त्याला माफी नाही.

हे सगळं झाल्यावर प्रतीची चिठ्ठी, मग भरल्या ट्रकचं वजन, खाली करणं, रिकाम्याचं वजन, आणि पावती. गर्दी नसेल तर अर्ध्या तासाचं काम. निकाल मान्य नसेल तर ड्रायव्हर पुन्हा नमुना काढायला सांगू शकतो, किंवा ताडपत्री ओढून दुसऱ्या केंद्रावर जाऊ शकतो. ट्रक अजून भरलेला आहे म्हणून तो जाऊ शकतो. आपल्याकडे एकदा पोतं सोडून ढीग मारला, की शेतकऱ्याचे पाय बांधले गेले. पोटलीतला नमुना हातात घेऊन सौदा निघतो, दाणा दाताखाली धरून ओलावा ठरतो, आणि मग काट्यावर कडता, म्हणजे ओलाव्या-कचऱ्यापोटी वजनात कापलेली घट. अडत्या वाईट माणूस असतो असं नाही. पुष्कळदा तोच लेकीच्या लग्नाला पैसे देतो. पण मोजमाप त्याच्या दातावर आहे तोवर भाव कितीही जाहीर करा, हातात पडेल तो वेगळाच असणार.

पावतीवर अजून एक गोष्ट असते. माल केंद्रावर टाकला म्हणजे विकला असं होत नाही. तो शेतकऱ्याच्या नावावर प्रतवारीसह जमा राहतो. हवं तर त्याच संध्याकाळी विका, नाहीतर मार्चमध्ये फोनवरून विका. साठवणीचं भाडं महिन्यागणिक चढत जातं, एवढंच. प्रतवारी ठरलेली असल्यामुळे खरेदीदाराला दाणा बघायची गरज नसते.

यावर आपली मंडळी म्हणतील, हे तर आमच्याकडेही आहे. आहे, आणि ते इथल्यांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, व्याज 6 टक्के, मुदत 180 दिवस. योजना उत्तम आहे. मग ती शेतकऱ्याच्या सवयीची का होत नाही? एक तर बऱ्याच समित्यांकडे गोदाम पुरेसं नाही, आणि असलेलं व्यापाऱ्याला भाड्याने दिलेलं. दुसरं, दहा क्विंटलचा माल वेगळा ठेवून वेगळा परत द्यायचा म्हटलं की जागा आणि हमाली परवडत नाही. प्रतवारी करून एकाच प्रतीचा माल एकत्र ढिगात टाकता आला तर परवडेल, पण त्याला प्रतवारी आधी लागते. आणि तिसरं, ऑक्टोबरचं सोयाबीन 16-18 टक्के ओलं असतं. ते तसंच थप्पीला लावलं तर महिन्याभरात आतून तापतं आणि काळं पडतं. म्हणजे गोदामाच्या आधी वाळवणीची सोय हवी. कर्ज शेवटी येतं, आपण सुरुवात तिथून केली.

शेतावरच्या साठवणीतही चुका होतात, इथेही. सायलो बंद दिसतो म्हणून बंद असतो असं नाही. धुरी द्यायच्या आधी आतला हवेचा दाब 250 पास्कलपर्यंत चढवतात. नवा सायलो असेल तर तो 125 वर यायला किमान पाच मिनिटं लागली पाहिजेत. त्याआधी उतरला तर झाकणाचं रबर नाहीतर तळाचं दार गळतंय. गळक्या सायलोत फॉस्फिन या विषारी वायूच्या गोळ्या टाकल्या की सगळी कीड मरत नाही, उरलेली चिवट होते आणि पुढच्या वर्षी औषधाला दाद देत नाही. आपल्याकडे हेच घरात, पोत्यात सल्फासच्या गोळ्या टाकून चालतं, आणि ते तर जीवघेणं आहे. राहत्या घरात ती गोळी येताच कामा नये. हवाबंद पिशवी नीट बांधली तर हरभऱ्यातला भुंगा औषधाशिवाय गुदमरून मरतो.

शेतकी गावाचा खरा जीव मात्र मला बाजारापेक्षा दुरुस्तीच्या गल्लीत दिसतो. डिसेंबरात हार्वेस्टरची हायड्रॉलिक होज, म्हणजे दाबाखालचं तेल नेणारी रबरी नळी, फुटली की हॉर्शमच्या दुकानात ती पंधरा-वीस मिनिटांत नवी करून मिळते. जुनी होज काउंटरवर टाकायची. कामगार व्यास आणि पोलादी जाळीचे थर बघतो, तेवढीच लांबी कापतो, आतला रबराचा भुगा हवेच्या झोताने उडवतो, टोकाला फिटिंग बसवून यंत्रात दाबतो आणि दाबलेल्या जागेचा व्यास कॅलिपरने मोजतो. चूक होते ती आट्यांत. अमेरिकन फिटिंगचा कोन 37 अंशांचा, ब्रिटिश पद्धतीचा 60 अंशांचा. काही मापांत दोन्ही एकमेकांत दोन-तीन आटे जातात, बसल्यासारखं वाटतं, आणि दाब चढला की तेलाची फवारणी. चांगला कामगार म्हणूनच जुनं टोक मापल्याशिवाय नवं हातात घेत नाही. भुगा उडवायचा राहिला तर तो व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो, आणि किरकोळ होजऐवजी पंपाचं काम निघतं.

कारागिरीत लातूरचा लेथवाला यांच्यापेक्षा कमी नाही, जास्तच आहे. तो घासलेला शाफ्ट भरून काढतो, इथे भाग काढून नवा टाकतात कारण मजुरी परवडत नाही. कमी आहे ती साठ्याची शिस्त. हॉर्शमचा पार्ट्सवाला ऑगस्टमध्येच कोणत्या शेतकऱ्याकडे कोणतं मॉडेल आहे त्यावरून बेअरिंग, पट्टे, पाती मागवून ठेवतो आणि हंगामात रात्री फोन उचलतो. दर मार्चमध्ये शेजारच्या लाँगरेनाँगला यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथलं कृषी महाविद्यालय 1889 पासूनचं आहे. मसुराचे बरेच वाण हॉर्शमच्याच संशोधन केंद्रातून आले. 1990 च्या दशकाअखेर हरभऱ्यावर ॲस्कोकायटा नावाचा बुरशीचा करपा असा पडला की व्हिक्टोरियातला हरभरा जवळजवळ संपला. तेव्हा शेतकऱ्याला दुसरं पीक हाताशी मिळालं, कारण पैदासकार त्याच गावात होते. आपली विद्यापीठं आणि त्यांचं काम मोठं आहे, पण शेतकऱ्याला वाण कळतो तो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, आणि तिथे सल्ला देणारा आणि औषध विकणारा एकच माणूस असतो. हॉर्शममध्येही सल्लागार बऱ्याचदा औषधविक्रेत्याच्याच पगारावर असतो. पण एकरामागे फी घेणारे स्वतंत्र सल्लागारही आहेत. निवड आहे.

पाण्याबद्दल एक गोष्ट मराठवाड्यासाठी महत्त्वाची आहे. विमेरा आणि तिच्या उत्तरेच्या मॅली भागात जनावरांना आणि घराला पाणी द्यायला जवळपास 17,500 किलोमीटरचे उघडे मातीचे पाट होते. वर्षातून एकदा पाणी सोडायचं, शेततळी भरून घ्यायची. वाटेत 85 टक्क्यांहून जास्त पाणी जिरायचं आणि उडून जायचं. 1997 पासूनच्या लांबलेल्या दुष्काळात पाटांना सोडायलाच पाणी उरलं नाही. मग सुमारे 8,800 किलोमीटर नळ घालून 2010 मध्ये सगळे पाट बंद केले. बचत वर्षाला 103 अब्ज लिटर, आपल्या हिशेबात साडेतीन टीएमसीहून थोडी जास्त. ती बचत नदीला आणि तलावांना परत मिळाली. शेतकऱ्याला मीटर लागला, पाणी वापरा न वापरा ठरावीक आकार भरावा लागतो, आणि त्यावर अजून कुरकुर आहे.

मराठवाड्यातली अकरा धरणं नळांनी जोडायच्या वॉटर ग्रिड योजनेच्या चर्चेत असे नळ दाखवले जातात. त्यात एक गल्लत होते. इथला नळ यशस्वी झाला कारण पाटांत वाया जाणारं पाणी वाचवायला शिल्लक होतं. धरणं जोडली आणि अकराही कोरडी असली तर नळात हवाच येणार. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं तेव्हा मांजरा धरण आटलेलं होतं, गळतीने नव्हे, उपशाने आणि पावसाच्या ओढीने. दुसरं, विमेराचा नळ पिण्याला आणि जनावरांना आहे, सिंचनाला नाही. उसाचा प्रश्न तो सोडवत नाही, सोडवायचा आव आणत नाही.

आता या गावाची दुसरी बाजू, जी 'परदेशात बघा' म्हणणाऱ्यांना कोणी दाखवत नाही. हॉर्शम टिकलं ते आजूबाजूची गावं रिकामी होत गेली म्हणूनही. शेतं मोठी झाली, घरं कमी झाली, शाळा मिटल्या, फुटबॉलचे संघ एकत्र करावे लागले, बँका उठल्या. रुपन्यप आणि मिनिपच्या लोकांनी 1998 मध्ये वर्गणी काढून देशातली पहिली सामुदायिक बँक शाखा उघडली, कारण शेवटची बँक गेली होती. राज्य सरकारची प्रवासी रेल्वे हॉर्शमला 1993 पासून येत नाही. मेलबर्न-ॲडलेड गाडी आठवड्यातून मोजक्या वेळा थांबते, बाकी बस. मुर्टोआला दुसऱ्या महायुद्धात, जहाजं नव्हती म्हणून साठलेला गहू ठेवायला बांधलेलं लाकडी कोठार अजून उभं आहे, 280 मीटर लांब, 60 मीटर रुंद, 560 झाडांच्या खांबांवर तोललेलं. आता ते पर्यटकांसाठी उघडतात. रिकाम्या सायलोंवर भव्य चित्रं काढली आहेत, तीही बघायला लोक येतात. दवाखान्यात आणि वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांत आता भारतीय पुष्कळ दिसतात, कारण इथली मुलं मेलबर्नला गेली ती गेली. आपल्या आठवडी बाजाराची गर्दी, चहाच्या टपरीवरचं राजकारण, गावात राहूनही पोट भरण्याची शक्यता, हे इथे पैशाने परत आणता येत नाही.

तेव्हा विमेराचा शेतकरी थांबू शकतो याचं अर्धं श्रेय त्याच्या आकाराला आहे, म्हणजे निघून गेलेल्या शेजाऱ्यांना. ते आपण उचलायचं कारण नाही. उरलेलं अर्धं श्रेय गावाने दिलेल्या सोयींना आहे, मोजमाप, साठवण, पावती. ते उचलता येतं, आणि 1.34 हेक्टरवाल्याला त्याची गरज जास्त आहे.

आयातीच्या भांडणातही हेच दिसतं. डिसेंबर 2017 मध्ये भारताने मसूर आणि हरभऱ्यावर 30 टक्के शुल्क लावलं, तेव्हा विमेरात काढणी चालू होती. मार्च 2018 पर्यंत हरभऱ्याचं 60 टक्क्यांवर गेलं. भाव पडला. ज्याच्याकडे सायलो होता त्याने मसूर झाकून ठेवला, ज्याच्याकडे नव्हता त्याने पडेल भावाला दिला. त्यानंतर शुल्क कमी होत होत शून्यावर आलं, मार्च 2025 मध्ये मसुरावर पुन्हा 10 टक्के लागलं. शुल्क असावं, या मताचा मी आहे. कोरडवाहू डाळ पिकवणाऱ्याला एवढी तरी आडभिंत पाहिजे. पण शुल्क कधी वाढतं ते बघा. आपला हरभरा शेतकऱ्याच्या घरातून जाऊन व्यापाऱ्याच्या गोदामात पोचल्यावर वाढलं तर फायदा कोणाचा? इथला आणि तिथला शेतकरी एकाच सरकारी आदेशाची वाट बघत असतो. त्यातला एक वाट बघू शकतो, दुसरा नाही.

बाजार समित्यांना काय जमेल? बहुतेकांनी कमानी आणि गाळे बांधले आहेत, म्हणजे पैसा आहे. ओलावामापक यंत्र प्रत्येक लिलाव ओट्यावर, आणि ते रोज सकाळी पडताळलेलं. पडताळणीचा नमुना ओव्हनमध्ये 103 अंशांवर 72 तास सुकवून ठरवतात, तेवढी सोय जवळच्या कृषी महाविद्यालयात असते. यंत्र पिकाच्या योग्य खुणेवर ठेवलेलं आहे ना ते बघायचं, कारण सोयाबीन मोजताना ते गव्हावर राहिलं तर आकडा भलताच येतो. नुकताच भिजलेला माल वरून ओला दिसतो आणि आकडा फुगतो, तो एक दिवस पसरून मगच मोजायचा.

आणि कडत्याचं कोष्टक भिंतीवर रंगवायचं. हिशेब साधा आहे. ओलाव्यातून 12 वजा करा, 88 ने भागा, 100 ने गुणा. क्विंटलमागे 13 टक्क्यांना 1.14 किलो, 14 ला 2.27, 15 ला 3.41, 16 ला 4.55, 18 ला 6.82 किलो. एवढीच घट न्याय्य, वाळवणीचा खर्च वेगळा लावायचा तर तो पावतीवर वेगळा लिहायचा. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये धरला तर 16 टक्के ओलाव्याला क्विंटलमागे सुमारे 242 रुपये कमी व्हायला हवेत. त्याहून जास्त कापले तर पाण्याच्या नावाखाली सोयाबीनच कापलं. अर्धा किलोचा नमुना दोघांच्या सह्यांनी सीलबंद करून पैसे हातात पडेपर्यंत ठेवायचा, आणि ज्या कपाटात ठेवायचा त्याला दोन कुलपं, एका कुलपाची किल्ली सचिवाकडे आणि दुसऱ्याची अडत्या किंवा व्यापारी नसलेल्या संचालकाकडे.